आवडणे आणि आपले होणे : जपानमधील दोन परके आणि एक घरचा

परसंस्कृतीचे आकर्षण ही एकच अखंड भावना आहे, असे आपण सहसा गृहीत धरतो. प्रथम एखादे पुस्तक आवडते, मग त्या पुस्तकाची भाषा शिकावीशी वाटते, मग तो देश पाहावासा वाटतो आणि शेवटी तेथेच राहावे, त्यांच्यातलेच एक व्हावे, असे वाटू लागते. या साऱ्या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत आणि जो सर्वांत वर पोचला त्याचे प्रेम सर्वांत खरे, असा हा समज आहे. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. एखादी संस्कृती आवडणे आणि त्या संस्कृतीचे आपण होऊ पाहणे या दोन स्वतंत्र वृत्ती आहेत. पहिलीतून दुसरी निघतेच असे नाही आणि दुसरीच्या मुळाशी नेहमी पहिलीच असते असेही नाही. आवडण्याला समोरच्याची संमती लागत नाही. आपले होण्याला ती लागते. हा फरक साधा दिसतो. पण माणसांची आयुष्ये त्याने कशी वेगळी वळणे घेतात, हे पाहण्यासाठी मेजी काळातल्या जपानकडे वळावे असे आम्हांला वाटते.

१८५० या एकाच वर्षी जन्मलेले दोन लेखक आपल्यासमोर आहेत. एक बेसिल हॉल चेंबरलेन, दुसरा लाफ्काडिओ हर्न. दोघांनीही इंग्रजी वाचकाला जपान समजावून देण्यात आयुष्य वेचले. दोघे काही काळ एकमेकांचे स्नेही होते आणि त्यांचा पत्रव्यवहार विपुल आहे. परंतु जपानशी त्यांचे नाते मात्र अगदी भिन्न होते.

चेंबरलेन सुस्थित इंग्रज घरातला. तो १८७३ मध्ये जपानला पोचला. नौदलाच्या विद्यालयात त्याने इंग्रजी शिकवले आणि १८८६ मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठात तो जपानी भाषेचा आणि भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. एका परदेशी माणसाने जपानी विद्यार्थ्यांना जपानी भाषेचे शास्त्र शिकवावे, ही घटना आजही थांबून विचार करायला लावते. त्याची योग्यता तशीच होती. ‘कोजिकी’ या आठव्या शतकातल्या अतिशय दुर्बोध ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्याने १८८२ मध्ये सिद्ध केला. बोलीभाषेचे व्याकरण लिहिले, ऐनू आणि र्‍यूक्यू भाषांचा अभ्यास केला, बाशोच्या हायकूंवर १९०२ मध्ये निबंध लिहिला. १८९० मध्ये ‘थिंग्ज जॅपनीज’ हे त्याचे कोशवजा पुस्तक निघाले. वर्णानुक्रमे एकेक विषय घ्यावा, त्यातले गुण सांगावेत, दोषही सांगावेत, मधूनच मिस्कील चिमटा काढावा, अशी त्याची रीत आहे. जपानवरचे त्याचे प्रेम ओळीओळींत जाणवते. पण आपण जपानी व्हावे असे त्याच्या मनाला कधी शिवलेले दिसत नाही. १९११ मध्ये त्याने जपान सोडले आणि १९३५ मध्ये मृत्यू येईपर्यंतची वर्षे जिनीव्हात काढली.

हर्नची कहाणी याच्या अगदी उलट टोकाची आहे. त्याचा जन्म लेफकादा या ग्रीक बेटावर झाला. त्याच्या नावात त्या बेटाचेच नाव आहे. आई ग्रीक, वडील ब्रिटिश सैन्यातले आयरिश शल्यचिकित्सक. आईवडिलांचा संसार मोडला आणि मूल डब्लिनला एका वृद्ध आत्याजींकडे वाढले. शाळेत असताना अपघाताने डावा डोळा गेला. पुढे घरची श्रीमंती ओसरली आणि १८६९ मध्ये एकोणीस वर्षांच्या या मुलाला जवळजवळ निर्वासितासारखे अमेरिकेला धाडण्यात आले. सिनसिनाटीत तो वार्ताहर झाला. तेथे त्याने गुलामगिरीत जन्मलेल्या एका स्त्रीशी विवाह केला. गोऱ्या पुरुषाने असा विवाह करणे त्या राज्यात तेव्हा बेकायदा होते आणि त्यापायी त्याची नोकरी गेली. पुढची दहा वर्षे न्यू ऑर्लिन्समध्ये, त्यानंतर दोन वर्षे मार्टिनिक बेटावर गेली. ज्या ज्या ठिकाणी तो गेला तेथल्या बहिष्कृतांत, त्यांच्या गाण्यांत, म्हणींत आणि भुताखेतांच्या गोष्टींत तो रमला. १८९० च्या एप्रिलमध्ये तो योकोहामाला उतरला तेव्हा त्याचे वय चाळिशीला टेकले होते आणि जिला आपले घर म्हणावे अशी जागा जगाच्या पाठीवर त्याला नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चेंबरलेनला जपान आवडला, कारण जपान आवडण्याजोगा होता. हर्नलाही तो त्याच कारणाने आवडला. पण आपण जपानचे व्हावे ही हर्नची ओढ जपानच्या गुणांतून तेवढी आली नव्हती, जेवढी ती त्याच्या स्वतःच्या उणिवेतून आली होती. ज्याचे घर शाबूत आहे तो दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून सुखाने राहू शकतो. ज्याला घरच नाही त्याला पाहुणचार पुरत नाही.

हर्नला नोकरी मिळवून देण्यात चेंबरलेनचा हात होता. १८९० च्या ऑगस्टअखेर हर्न मात्सुए या लहानशा गावी शाळामास्तर म्हणून रुजू झाला. पगार महिना १०० येन. मात्सुए हे पूर्वीच्या इझुमो प्रांतातले गाव. ‘कोजिकी’तल्या अनेक दैवतकथा याच प्रांतात घडतात आणि हर्नने चेंबरलेनचा तो अनुवाद वाचलेला होता. म्हणजे जी भूमी पुढे त्याला आपली वाटली ती त्याला प्रथम चेंबरलेनच्या इंग्रजीतून दिसली होती. तेथेच कोइझुमी सेत्सु ही सामुराई घराण्यातली मुलगी त्याच्या आयुष्यात आली. मेजी क्रांतीनंतर सामुराईंचे तनखे बंद झाले आणि अशी शेकडो घरे धुळीला मिळाली. सेत्सुचे घर त्यांपैकीच एक होते. १८९१ पासून दोघांचा संसार सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस हर्न दुप्पट पगारावर कुमामोतोच्या महाविद्यालयात गेला. १८९३ मध्ये पहिला मुलगा झाला आणि मग प्रेमाचा प्रश्न कायद्याच्या दारात येऊन उभा राहिला.

तो प्रश्न असा होता. विवाहाची नोंद ब्रिटिश कायद्याप्रमाणे झाली असती तर सेत्सु आणि मुले ब्रिटिश प्रजा ठरली असती. पाश्चात्त्य राष्ट्रांशी झालेल्या विषम तहांनुसार परकीयांना ठराविक बंदरांतल्या वसाहतींबाहेर मुक्तपणे राहण्याची किंवा जमीन बाळगण्याची मुभा नव्हती. ती व्यवस्था १८९९ मध्ये संपली. म्हणजे हर्नच्या पश्चात सेत्सु आपल्याच देशात परकी ठरली असती. दुसरा मार्ग १८७३ च्या जपानी फर्मानाने मोकळा ठेवला होता : परदेशी पुरुष जपानी कुटुंबात दत्तक किंवा घरजावई म्हणून आला तर तो जपानी होत असे. जपानमध्ये माणसाचे अस्तित्व कुटुंबाच्या नोंदवहीत असते. ज्याचे नाव त्या वहीत, तो त्या घरचा. हर्नने ब्रिटिश प्रजेचे हक्क सोडले आणि फेब्रुवारी १८९६ मध्ये तो पत्नीच्या घराण्याच्या वहीत दाखल झाला. आपल्याकडे ‘घरजावई’ या शब्दाला जी एक हेटाळणीची छटा आहे ती स्मरणात ठेवून हे पाऊल पाहावे. म्हणजे त्यातले धाडसही दिसेल आणि त्यातली विनवणीही. त्याचे नवे नाव झाले कोइझुमी याकुमो. ‘याकुमो’ म्हणजे थरावर थर असलेले ढग. पत्नीसाठी घर उभारताना सुसानोओ या देवाच्या तोंडी घातलेल्या पुरातन गीताचा हा आरंभशब्द. इझुमोशी तो कायमचा जोडलेला आहे. हे गीत ‘कोजिकी’तच आहे.

आता विरोधाभास पाहा. ज्याला जपानी भाषा कोणाही परकीयापेक्षा अधिक येत होती, तो चेंबरलेन बाहेरचा राहिला. आणि जो कायद्याने जपानी झाला, त्या हर्नला जपानी वर्तमानपत्रही धड वाचता येत नव्हते. पत्नीशी तो एका मोडक्यातोडक्या, प्रत्यय गाळलेल्या जपानीत बोलत असे. घरात तिला ‘हर्नसानची बोली’ म्हणत. उन्हाळ्यात याइझुच्या समुद्रकिनाऱ्यावरून त्याने सेत्सुला काताकाना लिपीत लिहिलेली पत्रे त्याच बोलीत आहेत. आणि तरीही ‘क्वाइदान’ हे १९०४ चे पुस्तक याच बोलीतून जन्मले. सेत्सु जुनी पुस्तके शोधून आणी, वाची आणि रात्री दिवा मंद करून त्याला गोष्ट सांगे. पुस्तक हातात धरून वाचू नकोस, तुझ्या शब्दांत, तुझ्या मनाने सांग, असा त्याचा आग्रह असे; हे तिनेच आपल्या आठवणींत नोंदवले आहे. विद्वान अनुवादकाला जी संहिता हवी असते ती हर्नला नको होती. त्याला हवा होता सांगणाऱ्या माणसाचा आवाज. तो आवाज बाहेरून मिळत नाही. त्यासाठी घरात बसावे लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग आपले होणाराच जिंकला. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हर्न ज्या जपानचा झाला तो जपान मात्सुएचा होता : देवळांचा, सणांचा, मंद बोलण्याचा. कुमामोतोतला जपान त्याला आवडला नाही. लष्करी छावणी, आगगाडी, नवी सरकारी शिस्त, पाश्चात्त्य पोशाखातले अलिप्त सहकारी यांच्यात तो एकाकी पडला आणि चेंबरलेनला लिहिलेल्या पत्रांत त्याची निराशा पानोपानी उतरली. म्हणजे ज्या क्षणी त्याला जपानचे व्हायचे होते त्याच क्षणी जपान दुसरे काही होऊ पाहत होता; त्याचे विद्यार्थी ज्या पश्चिमेकडे डोळे लावून बसले होते तिच्याकडे पाठ फिरवून तो तेथे आला होता. आवडणाऱ्याला समोरच्या संस्कृतीतले बदल कुतूहलाने टिपता येतात. जो तिच्यात विसावा शोधतो त्याला प्रत्येक बदल हा विश्वासघात वाटतो.

आणि संमतीचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. १८९६ च्या सप्टेंबरपासून तो टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. नोंदवहीत तो जपानी होता, पण पगारपत्रकावर परदेशी अध्यापकाच्या श्रेणीत होता. विद्यार्थ्यांचे त्याच्यावर अपार प्रेम. त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथ तयार झाले. परंतु परदेशी अध्यापकांच्या जागी परदेशातून शिकून आलेले जपानी अध्यापक नेमावेत, हे त्या काळाचे धोरण होते आणि १९०३ मध्ये त्याचा करार संपुष्टात आणण्यात आला. विद्यार्थ्यांनी निषेध केला. कमी तासांवर, कमी वेतनावर राहावे, असा पर्याय पुढे आला. त्याने तो नाकारला. धोरण परकीयांसाठी होते आणि त्याची झळ लागली ती स्वतःला जपानी म्हणवणाऱ्याला. १९०४ मध्ये तो वासेदा विद्यापीठात शिकवू लागला आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला हृदयविकाराने गेला.

चेंबरलेनच्या अलिप्ततेलाही तिचे फळ होते, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. १९१२ मध्ये, जपान सोडल्यावर, त्याने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सम्राटपूजा आणि ‘बुशिदो’ यांना जपानी लोक अनादि परंपरा म्हणून मिरवत असले तरी आजच्या स्वरूपात त्या अलीकडे, सरकारी प्रयत्नाने घडवलेल्या गोष्टी आहेत, असे त्याने त्यात निर्भीडपणे मांडले. पुढच्या तीन दशकांत त्या पूजेने जपानला कोठे नेले हे जाणणाऱ्या आजच्या वाचकाला त्या निबंधाचे मोल सांगायला नको. हर्नच्या ‘जपान : ॲन अटेम्प्ट ॲट इंटरप्रिटेशन’ या १९०४ च्या ग्रंथातही समूहाच्या दडपणाखालच्या व्यक्तीची चिंता आहे, पण पूर्वजपूजा हे जपानचे प्राचीन हृदय आहे, ही श्रद्धा त्याने सोडली नाही. घरातल्या देव्हाऱ्यातला एखादा देव कालपरवाच आणलेला आहे, हे घरच्या माणसाला म्हणवत नाही. पुढे चेंबरलेनने हर्नविषयीही कठोर लिहिले. ‘थिंग्ज जॅपनीज’च्या त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या १९३९ च्या आवृत्तीत हर्नने पाहिलेला जपान हे स्वप्न होते, असा त्याचा सूर आहे. निदान कदाचित बरोबर असेल. पण ज्यांच्याविषयी ते स्वप्न होते त्या जपानी वाचकांनी ते आपलेसे केले, याचा हिशेब त्यात नाही. हर्नने इंग्रजीत लिहिलेल्या गोष्टी जपानीत अनुवादित होऊन पाठ्यपुस्तकांत गेल्या, कोबायाशीने १९६४ मध्ये त्यांवर चित्रपट काढला आणि २०२५ मध्ये सेत्सुच्या आयुष्यावर बेतलेली मालिका जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर सुरू झाली. विद्यापीठाने जी संमती दिली नाही ती वाचकांनी दिली. पण ती यायला तो जिवंत नव्हता.

या दोघांच्या जोडीला तिसरे नाव घेतल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. १९०३ मध्ये हर्नच्या जागी जे अध्यापक आले त्यांत नात्सुमे सोसेकी होता. कुमामोतोच्या ज्या महाविद्यालयात हर्नने शिकवले तेथेच त्यानेही चार वर्षे शिकवले होते. १९०० मध्ये सरकारने त्याला वर्षाला १,८०० येनच्या शिष्यवृत्तीवर लंडनला पाठवले. इंग्रजी साहित्याचा त्याचा व्यासंग मोठा, पण लंडनमधली दोन वर्षे त्याच्या आयुष्यातली सर्वांत दुःखाची ठरली. तो भाड्याच्या खोल्यांत पुस्तके घेऊन कोंडून राहिला, इतका की त्याला वेड लागले अशी वदंता जपानपर्यंत पोचली. त्याच्यापुढचा पेच आमच्या-तुमच्या ओळखीचा आहे. एखाद्या इंग्रजी कवितेला इंग्रज समीक्षक थोर म्हणतो आणि मला ती थोर वाटत नाही. तेव्हा खरे कोणाचे? इंग्रजाचेच खरे मानून चालावे तर मी त्याची नक्कल झालो. १९१४ मध्ये विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या ‘माझा व्यक्तिवाद’ या व्याख्यानात सोसेकीने या पेचाची हकीकत सांगितली आहे. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्याला एक शब्द सापडला; मराठीत त्याला ‘स्वकेंद्र’ म्हणता येईल. त्याचा अर्थ परक्याचा द्वेष नव्हे आणि स्वदेशीचा डंकाही नव्हे. मी इंग्रज नाही, होणार नाही; तेव्हा इंग्रजी साहित्य मी वाचीन ते माझ्या जागेवर उभा राहून, आणि त्या वाचनाचा जाब मीच देईन, एवढाच त्याचा अर्थ. लंडनमध्ये योजलेला ‘साहित्याचा सिद्धान्त’ हा ग्रंथ १९०७ मध्ये निघाला. तोवर तो जपानी कादंबरीकार झाला होता.

मराठी साहित्य शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना या तिघांत रस का असावा? एक कारण असे की, दोन्ही वृत्तींची माणसे आपल्या भाषेनेही पाहिली आहेत. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्या यांच्यामागे आयुष्यभर हिंडणारे गुंथर सोंथायमर हायडेलबर्गचेच प्राध्यापक राहिले. दलित चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या एलिनॉर झेलियट मिनेसोटातल्या आपल्या महाविद्यालयात परतत राहिल्या. मॅक्सीन बर्नसन यांनी मात्र फलटणला घर केले, भारतीय नागरिकत्व घेतले, तेथे शाळा उभी केली. यांत कोणाचे मराठीवरचे प्रेम अधिक, हा प्रश्न निरर्थक आहे. पहिल्या दोघांनी आपल्याला आपले रूप दुरून दाखवले. तिसरीने आपल्या मुलांना अक्षरे शिकवली. दोन्हींची आपल्याला गरज होती.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या विभागांतून पाश्चात्त्य सिद्धान्त शिकवले जातात आणि त्यांच्याविषयीची आपली वृत्ती नेहमी स्पष्ट नसते. एखादा विचारवंत आपल्याला आवडतो, की त्याच्या गोटातले म्हणवून घेणे आपल्याला आवडते? शोधनिबंधात त्याचे अवतरण येते ते काही उलगडावे म्हणून, की आपले नाव त्या वहीत चढावे म्हणून? देशीवादाच्या वादात हाच प्रश्न उलट बाजूने येतो : परके म्हणून जे नाकारले ते आवडत नव्हते म्हणून नाकारले, की ते आपल्याला आपले म्हणणार नाही या भयाने? हर्नने निदान किंमत मोजली. नागरिकत्व सोडले, नाव सोडले, मुलांचे भविष्य त्या वहीवर ठेवले. किंमत न मोजता आपले होऊ पाहणे याला नक्कल म्हणतात. आणि नकलेत ना चेंबरलेनची दृष्टी असते, ना हर्नची जवळीक.

टोकियोच्या झोशिगाया दफनभूमीत हर्न आणि सोसेकी या दोघांच्याही समाध्या आहेत. हर्नच्या शिळेवर कोइझुमी याकुमो हेच नाव आहे. विद्यार्थ्यांना ‘क्वाइदान’ वाचायला देताना हे नाव कसे आले तेही आम्ही सांगतो आणि ‘माझा व्यक्तिवाद’ त्यानंतर लगेच वाचायला सांगतो. या दोहोंच्या मधल्या जागेत आपण कोठे उभे आहोत, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. पण ते न ठरवता परक्या साहित्याचे अध्यापन करू नये, असे आमचे मत आहे.